चौदा सेकंद

नीलमवहिनींचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात होतो. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बसगाड्यांची वेळापत्रकं बनवणं हे माझं काम, त्यामुळे घड्याळ पाहिल्याशिवाय माझ्याकडून फोनही उचलला जात नाही. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "दहा मिनिटं झाली. पहिला फोन तुम्हालाच केला." मी "निघालोच" म्हणालो आणि टेबलावरचे कागद एकावर एक रचत बसलो. कागद रचायची काही गरज नव्हती. सुहास घाडीच्या आजारातली एक गोष्ट मी वहिनींपासून लपवली होती, आणि त्यांनी मात्र सख्ख्या दिरांच्याही आधी मला कळवलं होतं... आज त्याला दोन महिने झाले. सुहासवर लिहायचं तर ती गोष्ट गाळून लिहिता येणार नाही. म्हणून हा मजकूर छापायला देण्याआधी वहिनींना वाचायला पाठवला. तो कुठेही खूण न होता परत आला. बरोबर आहे असंही त्या म्हणाल्या नाहीत.

सुहास आणि मी लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. तो एकोणीस नंबरच्या खोलीत, मी तेवीसच्या. दोघांचेही वडील गिरणीत, दोघांचीही गावं मालवणकडची. चाळीच्या मंडळाचं नाटक वर्षाआड कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचं. सुहास नट आणि मी प्रॉम्प्टर. सव्वीस वर्षांत चौदा नाटकं केली. पहिल्याच नाटकात तो दुसऱ्या अंकात अडला, आणि मी घाबरून विंगेतून वाक्य इतक्या मोठ्याने सांगितलं की पाचव्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, आता तूच ये बाहेर." प्रयोग संपल्यावर सुहास मेकअप पुसता पुसता म्हणाला, "तावड्या, तू प्रॉम्प्टर आहेस की गणपतीतला लाउडस्पीकर?" त्यानंतर आम्ही आमची पद्धत बसवली. मी पहिल्या विंगेत उभा राहायचो. तो अडला की विचार करत असल्यासारखा माझ्याकडे बघायचा, आणि मी आवाज न करता ओठांनी पहिलं अक्षर दाखवायचो. एक अक्षर त्याला पुरायचं. पुढचं वाक्य तो असं घ्यायचा की समोरच्याला वाटावं, याने मुद्दामच पॉज घेतला. आमच्या मंडळाचा एक नियम होता. कोण कुठे अडला हे प्रॉम्प्टरने विंगेबाहेर बोलायचं नाही, नटाच्या घरी तर नाहीच. सुहासला अभिनयाची दोन बक्षिसं मिळाली. त्याच्या घरी पेढे खाताना मी त्याच्या वडिलांना सांगितलं होतं की हा एकदाही अडला नाही. तो चार वेळा अडला होता. मला त्यात काही गैर वाटलं नाही. अजूनही त्यात गैर वाटत नाही... पुढे जे झालं ते मात्र याच सवयीने झालं.

सुहास हिंदमाताला साड्यांच्या दुकानात सेल्समन होता, एकतीस वर्षं. मंडळ बंद पडल्यावर त्याचं नाटक तिथल्या गादीवर चालायचं. साडी उलगडताना तो तिच्याशी बोलायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा, गिऱ्हाइकाच्या कंटाळलेल्या नवऱ्याशीही बोलायचा. त्याची स्मरणशक्ती हा दुकानातला कौतुकाचा विषय होता. दोन वर्षांपूर्वी एक तरुणी आईला घेऊन साडी घ्यायला आली. सुहास तिच्या आईला म्हणाला, "ताई, तुम्ही मागे जांभळी नारायणपेठ नेली होती, बहिणीच्या डोहाळजेवणाला. आता हिरवी घ्या." ती खरेदी होऊन नऊ वर्षं झाली होती. तरुणी केतकी, गिरगावात राहणारी, पहिला सिनेमा लिहून बसलेली. तिने तिथेच विचारलं, "काका, सिनेमात काम कराल?" सुहासने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आधी साडी घ्या. नंतर सिनेमा."

तो सिनेमा विज्ञानकथा होता. चौऱ्याऐंशी खोल्यांची एक चाळ पाडायची ठरते, आणि पाडण्याआधी तिथल्या सगळ्या माणसांच्या आठवणी एका कृत्रिम मेंदूत भरून ठेवतात. कोणाचं बारसं कधी झालं, कोणाच्या दारात कोणती कुंडी होती, कोणाचं कोणाशी पाण्यावरून वाजलं, सगळं. माणसं ट्रान्झिट कॅम्पात पांगतात, तरी येऊन त्या मेंदूला विचारतात. चाळीत पूर्वी घरमालकाचं ऑफिस असायचं, म्हणून लोक या मेंदूलाही ऑफिस म्हणतात. "ऑफिसला विचार, त्याला ठाऊक असेल." टॉवर उभा राहिला की ऑफिस बंद करायचं, असं करारात असतं, आणि ते कळल्यावर ऑफिस काय करतं ही गोष्ट. केतकीकडे यंत्रं, दिवे वगैरे दाखवायची सोय नव्हती. तिने ठरवलं की रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसलेला एक माणूस, हाच कृत्रिम मेंदू. लोक येतात, त्याच्यापुढे बसतात, विचारतात, तो उत्तर देतो. ज्याला सगळं आठवतं असा माणूस तिला हवा होता, म्हणून तिने सुहासला घेतलं. हे मी जसं घडलं तसं लिहितो आहे.

सुहासने एकच अट घातली. "तावडे असेल तर मी." केतकीने मला वेळ आणि कंटिन्यूइटी नोंदवायला ठेवलं, म्हणजे कुठला शॉट किती सेकंदांचा, सुहासचा कुठला हात वर होता, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं. गिरगावातल्या एका रिकाम्या होत आलेल्या चाळीतली खोली मिळाली होती. सुहासला सुट्टी रविवारची नव्हती, पण मालकाने तीन महिने ती बदलून दिली. अकरा रविवारांचं काम ठरलं, नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी नऊ ते पाच. सुहासची बावीस पानं होती. पहिल्या दोन रविवारी तो एकदाही अडला नाही. कॅमेऱ्याच्या खाली, त्याच्या नजरेच्या रेषेत मी लाकडी स्टुलावर बसायचो, मांडीवर संहिता आणि हातात स्टॉपवॉच. माझी गरजच नव्हती. तिसऱ्या रविवारी एक बाई त्याला विचारते, माझ्या नवऱ्याचा डबा कोण न्यायचं? सुहास गप्प. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. वीस-बावीस वर्षांपूर्वीचीच नजर. मी ओठांनी "शं" दाखवलं आणि तो म्हणाला, "शंकर. शनिवारी नाही न्यायचा. शनिवारी ते स्वतः न्यायचे." चार सेकंद गेले होते. केतकीचा हात कट म्हणायला वर गेला होता, तो तिने तसाच धरला. नंतर म्हणाली, "काका, हे कुठून आणलंत? मशीन विचार करतंय असं पहिल्यांदा वाटलं. मी लिहिलं होतं की तो लगेच उत्तर देतो. चुकलंच माझं. आता असंच करायचं." सुहासने कौतुक मान डोलवून घेतलं आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. मीही हसलो. त्या दिवसापासून अडणं हे त्या सिनेमात कामाचं झालं. मी कागदाच्या कडेला पेन्सिलीने आकडा लिहिला, ४.

पाचव्या रविवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं चाळीखालच्या टपरीवर चहा घेत होतो.

"किती झाले आज?" त्याने विचारलं.

"पाच ठिकाणी. एकदा सहा सेकंद."

"तू माणूस आहेस की टॅक्सीचा मीटर रे?"

"दाखवून घे कुठेतरी, सुहास."

"काय दाखवू? सत्तावन्नाव्या वर्षी बावीस पानं पाठ करतोय. अडणारच." मग चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाला, "नीलमला बोलू नकोस हां. ती लगेच डॉक्टर काढेल, हे तपास, ते तपास. त्या पोरीचं सगळं लटकेल. शूटिंग संपू दे. मग तू म्हणशील तिथे येतो. शब्द."

मी हिशेब केला. सहा रविवार उरले होते. सहा आठवडे. सहा हा आकडा मला लहान वाटला, आणि मी हो म्हणालो.

सहाव्या रविवारी तो अकरा ठिकाणी अडला. त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी पावणेदोनला वहिनींचा फोन आला. त्या मला असा आपणहून फोन कधी करत नसत. "भाऊजी, तुम्हाला यांच्यात काही वेगळं वाटतं का?" मी विचारलं, काय झालं. "काल गॅसवर दूध ठेवून तिथेच उभे होते. दूध उतू जाताना बघत होते, पण गॅस बंद नाही केला. आणि श्रुतीला माझ्या नावाने हाक मारली. दोनदा." श्रुती म्हणजे त्यांची मुलगी. माझ्यासमोर टेबलावर त्या आठवड्याची वेळापत्रकं होती आणि पिशवीत ती संहिता होती, कडेला पेन्सिलीचे आकडे असलेली. मी म्हणालो, "वहिनी, बावीस पानं पाठ करतोय तो. डोक्यात तेच चालू असतं. कॅमेऱ्यासमोर तर उत्तम करतो." शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते माझ्या तोंडातून सहज गेलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर ठीक आहे. तुम्ही बरोबर असता म्हणून मला काळजी नाही." मी फोन ठेवला आणि कामाला लागलो. त्या फोनपासून सुहासच्या डोक्याचा स्कॅन निघेपर्यंत पंचेचाळीस दिवस गेले. हा आकडा मी इतक्या वेळा तपासला आहे की आता त्यात चूक निघायची शक्यता नाही.

पुढच्या रविवारी मी त्याला टोकलं. म्हणालो, वहिनींना संशय आलाय, उद्याच जाऊ. तो चिडला, तसा तो माझ्यावर चिडत नसे. "तू विंगेतला माणूस आहेस ना? मग विंगेत रहा." मी विंगेत राहिलो. नवव्या रविवारी सव्वीस ठिकाणी अडला, आणि एक अक्षर आता पुरत नव्हतं, दोन-तीन दाखवावी लागत. त्या दिवशी एक म्हातारा त्याला विचारतो की माझी खोली कुठली होती. संहितेत उत्तर होतं, खोली बासष्ट. सुहास माझ्या ओठांकडे बघत होता, मी "बा" दाखवत होतो, आणि तो म्हणाला, "एकोणीस. आत चल. आयेन घावणे केल्यान हत, गरम हत तोवर खा." मालवणीत, घरी बोलावं तसं. केतकी हरखून गेली. तिला वाटलं काकांनी भर घातली, आणि तिने ते ठेवलं. एकोणीस नंबरची खोली कोणाची हे तिथे मला एकट्याला माहीत होतं. ती चाळ पडून बारा वर्षं झाली आणि त्याची आई जाऊन त्याहून जास्त. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठल्याही भूमिकेचा मागमूस नव्हता. मी आकडा लिहिला, ९, आणि पान उलटलं.

अकरावा रविवार शेवटचा. शेवटच्या प्रसंगात एक म्हातारी विचारते, "ऑफिस, तुला बंद केल्यावर आम्हाला ओळखणार कोण?" त्याने म्हणायचं होतं, "तुम्ही एकमेकांना विचारा. मी तुमचंच ऐकून सांगत होतो." मी "तु" दाखवलं. काही नाही. "तुम्ही." काही नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पण वाचत नव्हता. ओठ हलताहेत एवढंच त्याला दिसत असावं. मी अख्खं वाक्य ओठांनी म्हणालो. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणत असताना चौदाव्या सेकंदाला तो बोलला, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुहास खुर्चीवरून उठला, माझ्या खांद्यावर हात टेकून खाली वाकला आणि हळूच विचारलं, "तावड्या, मी बोललो का ते?"

मी म्हणालो, "बोललास. छान बोललास."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं. सोमवारी तो म्हणाला, सण आहे, दुकानात गर्दी, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी पुढचा आठवडा लिहून घेतला. अकराव्या दिवशी, गुरुवारी, दुकानात साडीची घडी घालताना त्याचा उजवा हात थांबला आणि तो गादीवरच आडवा झाला. शुक्रवारी स्कॅन. मेंदूत गाठ, डाव्या बाजूला, जिथे शब्द असतात त्या भागात. परळच्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, जेवढी काढता आली तेवढी काढली. डॉक्टर वहिनींशी बोलून झाल्यावर मी डॉक्टरांना बाजूला गाठलं आणि विचारलं, पंचेचाळीस दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "ही गाठ वेगाने वाढणारी. तेव्हा लहान असती हे नक्की. ऑपरेशन सोपं गेलं असतं कदाचित. काही महिने जास्त मिळाले असते, किंवा नसतेही." मी म्हणालो, अंदाजे किती? ते म्हणाले, "असा आकडा कोणी देत नाही हो." मी तीस वर्षं आकड्यांवर काढली. मला हवा असलेला एकमेव आकडा कोणाकडेच नव्हता. शून्य असता तरी मी घेतला असता. मोठा असता तरी निदान तेवढा माझ्या नावावर लिहिला असता.

नऊ आठवडे तो होता. मी रोज भेटीच्या वेळेत, चार ते सहा, जायचो. शेवटच्या तीन आठवड्यांत त्याला बोलता येईना. माणसं ओळखायचा, पण शब्द गेले होते. मी खाटेजवळ बसलो की तो माझ्या ओठांकडे बघायचा. इतर कोणाच्या नाही, माझ्याच. त्याला वाटत होतं की मी आता दाखवीन... पण काय दाखवू? तो कुठल्या वाक्यावर अडलाय हे मला कुठे ठाऊक होतं? माझ्या मांडीवर संहिता नव्हती. मी "पा" दाखवलं, पाणी? त्याने मान हलवली, नाही. "नी", नीलम? नाही. श्रुती? दुखतंय? घर? गाव? पहिल्या दिवशी मी बावीस शब्द दाखवले. रात्री जेवल्यावर घरी बसून चाळीस शब्दांची यादी केली आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो. वहिनी पलीकडे बसून बघत होत्या. त्यांना वाटलं, मी त्याच्याशी खेळतोय, त्याचं मन रमवतोय. "बरं वाटतं त्यांना तुम्ही आलात की," त्या म्हणाल्या. चाळीसपैकी एकही शब्द त्याचा निघाला नाही. शेवटी तो दमून डोळे मिटायचा. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायचा, तितक्याच भरवशाने.

तो गेल्यावर पाच आठवड्यांनी केतकीने सिनेमा आम्हा कामाच्या लोकांना दाखवला, दादरच्या एका छोट्या थिएटरात, दुपारी तीनला. चाळीसेक खुर्च्या. वहिनी यायला तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, तुम्ही शेजारी बसणार असाल तर येते. सिनेमा चांगला झाला आहे. सुहास त्यात फार मोठा नट वाटतो. तो थांबला की सगळं थिएटर थांबायचं. मला प्रत्येक थांबण्याचा आकडा पाठ होता. शेवटचा प्रसंग आला. म्हातारीने विचारलं आणि पडद्यावर सुहासने आमच्याकडे पाहिलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या जरा खाली, जिथे मी बसलो होतो तिथे. केतकीने चौदाच्या चौदा सेकंद ठेवले होते. कोणी खोकलंसुद्धा नाही. बाराव्या सेकंदाला मला जाणवलं की माझे ओठ हलताहेत. आणि मग जाणवलं की वहिनी पडद्याकडे बघत नाहीयेत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर फुटपाथवर लोक त्यांना भेटत होते. कॅमेरावाला म्हणाला, "काकू, काय पॉज घेतलाय काकांनी, असा कोणी घेत नाही आता." सगळे पांगेपर्यंत त्या थांबल्या. मग सरळ विचारलं.

"ते विसरत होते. तुम्ही सांगत होता त्यांना."

"हो."

"कधीपासून?"

"तिसऱ्या रविवारपासून."

"मी फोन केला तेव्हा कितवा होता?"

"सहावा झाला होता."

त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. "आणि हॉस्पिटलात ते तुमच्या तोंडाकडे बघायचे..."

"हो, वहिनी. म्हणूनच."

एक बस आली आणि गेली. त्या म्हणाल्या, "मला दीर आहेत, भाऊ आहेत, शेजारी डॉक्टरीणबाई आहेत. मी कोणाला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं. तावडेभाऊजी एक मिनिट इकडचं तिकडे करणार नाहीत, असं हेच सांगायचे सगळ्यांना." आवाज चढला नव्हता. मी सांगितलं, त्याने शब्द घेतला होता. सांगताना मलाच ते ऐकवेना. त्या टॅक्सीत बसल्या. मी दार लावलं.

त्यानंतर दोन रविवार मी वहिनींकडे गेलो नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी गेलो. पाडलेल्या चाळीच्या जागी जो टॉवर झाला त्यात सुहासचं घर सतराव्या मजल्यावर. दार वहिनींनीच उघडलं, "या" म्हणाल्या, चहा ठेवला. श्रुती नोकरीच्या कामाने बाहेर गेली होती. खिडकीशी सुहासची खुर्ची होती तशीच होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले. मी जवळ दुसरी जागा असूनही जमिनीवर बसलो. वहिनी समोर बसल्या. केतकीचा फोन आला होता, सिनेमा कुठे कुठे पाठवणार आहे, ते त्या सांगत होत्या. मग कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या मंगळवारी सांगितलं असतंत, तर..." आणि थांबल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचा शब्द मला माहीत होता. निदान तीन-चार शब्द माहीत होते, त्यांतला कुठलाही चालला असता. तोंड उघडत होतं, ते मी दात दाबून मिटलेलं ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा माझ्या समोरच होता आणि मी मोजत होतो, नको असताना मोजत होतो. सत्ताविसाव्या सेकंदाला वहिनी उठल्या आणि दोन्ही कप घेऊन आत गेल्या.